तीन शाहीर आणि एक डफ

(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत अहिल्याबाई घाट येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



व्याख्यानमालेत बोलण्यासाठी समितीने मला बोलावले, याबद्दल प्रथम आभार मानतो. मी संगीताचा अभ्यासक नाही, साहित्याचाही नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलो आणि बदलीने काशीत आलो. दिवसभर इंजिनांच्या आवाजात काम करणारा माणूस गाण्यावर काय बोलणार, असे काहींच्या मनात येईल. पण आज ज्यांच्याविषयी बोलणार आहे ते तिघेही माझ्याहून कमी शिकलेल्या माणसांत गायले आणि त्यांचे बहुतेक श्रोते गिरणीतल्या साच्यांच्या आवाजातून सुटून आलेले असत. त्यामुळे हा विषय आपल्याला परका नाही, असे मला वाटते.

विषय आहे तीन शाहिरांचा. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर. १९४४ साली या तिघांनी मुंबईत 'लाल बावटा कलापथक' उभे केले आणि पुढची काही वर्षे महाराष्ट्राच्या गिरणगावांत, गावांत, मैदानांत ते गात राहिले. नव्या काळाची लोकगाणी कशी असावीत हे मराठी माणसाला ज्या थोड्या लोकांनी शिकवले, त्यांत हे त्रिकूट फार वरचे आहे.

आता गणपतीत आणि तेही काशीत, अहिल्याबाईंच्या घाटावर, लाल बावट्याच्या शाहिरांचे नाव कशाला, असा प्रश्न येईल. त्याचे उत्तर याच घाटापासून सुरू होते.

हा घाट ज्यांच्या नावाने आहे त्या अहिल्याबाई होळकरांचा जन्म १७२५ सालचा. २०२५ मध्ये त्याला तीनशे वर्षे झाली. विश्वनाथाचे देऊळ त्यांनी पुन्हा उभे केले हे काशीतले लहान पोरही सांगते. पण त्यांची एक कथा शाहिरांच्या परंपरेत सांगितली जाते, ती इकडे फारशी कुणाला ठाऊक नाही. संगमनेरचे अनंत फंदी हे पेशवाईतले नामांकित शाहीर. त्यांचा तमाशाचा फड होता, लावण्या लोकांच्या तोंडी होत्या. हे फंदी एकदा अहिल्याबाईंसमोर गेले. बाईंनी त्यांची कला पाहिली आणि म्हणाल्या की देवाने वाणी एवढी दिली आहे, ती लोकांच्या कल्याणासाठी वापरा. फंदींनी तेव्हापासून डफ खाली ठेवला आणि कीर्तनाला उभे राहिले, असे सांगतात.

कथा खरी किती हे इतिहासकारांनी ठरवावे. पण तिच्यात एक प्रश्न आहे. ज्याला लोकांना गोळा करून बसवता येते, त्याने त्या बसलेल्या लोकांना काय द्यायचे? फंदींनी उत्तर दिले की डफ खाली ठेवायचा. दीडशे वर्षांनी आमच्या या तिघांनी त्याच प्रश्नाचे वेगळे उत्तर दिले. डफ हातातच ठेवायचा, लावणीही ठेवायची, तमाशाही ठेवायचा. आत काय सांगायचे ते बदलायचे. माझ्या आजच्या भाषणाचा सारा मुद्दा एवढाच आहे.

आता तिघांची ओळख करून घेऊ.

अण्णाभाऊंचे मूळ नाव तुकाराम. जन्म १ ऑगस्ट १९२०, गाव वाटेगाव, आजच्या सांगली जिल्ह्यातील वाळवा तालुका. मातंग समाजातले घर, दारिद्र्य पाचवीला पुजलेले. शाळेत जेमतेम दीड दिवस गेले असे सांगितले जाते. गावाकडे पोट भरेना म्हणून आईवडिलांबरोबर मुंबईला निघाले ते चालत. सातारा भागातून मुंबईपर्यंत, वाटेत मिळेल ते काम करत. आपल्यापैकी ज्यांनी नोकरीसाठी गाव सोडले ते निदान रेल्वेत बसून आले. मुंबईत त्यांनी पडेल ती कामे केली, गिरणीत राबले, दुकानांच्या पाट्या वाचत अक्षरे पक्की केली. माटुंग्याच्या लेबर कँपात राहत असताना तिथल्या डासांवरच त्यांनी पहिल्यावहिल्या रचनांपैकी एक रचना केली, अशी आठवण सांगतात. डास हा काही काव्याचा विषय नव्हे. पण त्या वस्तीत रात्रभर जागणाऱ्या प्रत्येकाचा तो विषय होता. नात्यातल्या बापू साठे यांच्या तमाशात ते वावरले होते, त्यामुळे ढोलकी-तुणतुण्याचे वळण अंगात भिनलेले होते.

अमर शेख यांचे खरे नाव मेहबूब हुसेन पटेल. जन्म २० ऑक्टोबर १९१६, बार्शीचा. आई मुनेरबी. ओव्या आणि गाणी त्यांना आईकडूनच मिळाली. मोटारीवर क्लीनर म्हणून राबले, बार्शीच्या गिरणीत कामगार झाले, संपात उतरले, तुरुंग पाहिला. आवाज असा की त्याला लोक 'पहाडी' हाच शब्द वापरत. त्या काळी सभेला ध्वनिक्षेपक असेलच याची खात्री नसे आणि असला तरी चालेलच याची त्याहून नसे. तेव्हा मैदानाच्या शेवटच्या टोकाला उभ्या असलेल्या माणसापर्यंत शब्द पोहोचवणे हे गळ्याचेच काम होते. त्यांचे कवितासंग्रह 'कलश' आणि 'धरतीमाता' हे नंतरचे, आधी गळा.

तिसरे द. ना. गव्हाणकर. गीते रचणारे आणि स्वतः गाणारे शाहीर. आज पहिल्या दोघांची नावे पटकन आठवतात, तिसऱ्याचे आठवायला थोडा वेळ लागतो. पण कलापथकाची स्थापना कोणी केली असे विचारले की जुन्या लोकांच्या तोंडी तीन नावे एका दमात येतात. त्यांतले एक वगळून ते वाक्य पुरे होत नाही. मला या गोष्टीचे फार महत्त्व वाटते आणि त्याकडे मी पुन्हा येणार आहे.

या तिघांनी काही आकाशातून आणले नाही. त्यांच्या मागे मोठी परंपरा होती आणि तिचा एक धागा आपल्या या उत्सवाशी जोडलेला आहे. लोकमान्यांनी १८९३-९४ च्या सुमारास गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिले, तेव्हा त्याबरोबर मेळे आले. पोरे रांगेत उभी राहून पदे म्हणत. त्यांत देव असे आणि देशही असे. सरकारला ती पदे एवढी टोचली की पुढे मेळ्यांवर निर्बंध आले. दुसरीकडे जोतीरावांच्या विचारांचे सत्यशोधक जलसे गावोगाव होत होते. तिसरीकडे बाबासाहेबांच्या चळवळीचे जलसे होते, भीमराव कर्डकांसारखे लोक ते करत होते. मेळा असो की जलसा, युक्ती एकच. लोकांच्या ओळखीची चाल घ्यायची, ओळखीचे वाद्य घ्यायचे आणि त्यावर नवा विचार स्वार करायचा. लाल बावटा कलापथकाने हीच युक्ती कामगारांसाठी वापरली.

सुरुवातीच्या काळात अण्णाभाऊंनी १९४३ साली 'स्टालिनग्राडचा पोवाडा' रचला. तेव्हा महायुद्ध चालू होते. आता बघा, वाटेगावचा दीड दिवस शाळेत गेलेला तरुण, तो पोवाडा कुणावर करतो? पोवाडा म्हटला की आपल्याला सिंहगड आणि अफझलखान आठवतो. त्याने व्होल्गा नदीच्या काठच्या शहरावर केला आणि परळ-लालबागच्या माणसांनी तो ऐकला. बंगालमध्ये १९४३ साली दुष्काळ पडून लाखो माणसे अन्नावाचून मेली, तेव्हा त्यांनी 'बंगालची हाक' लिहिले. अमळनेरच्या गिरणी कामगारांवर १९४६ साली गोळीबार झाला, त्यावर पोवाडा केला. म्हणजे वर्तमानपत्र ज्याला वाचता येत नव्हते त्याला हे कलापथक वर्तमानपत्रासारखे होते. आणि वर्तमानपत्र वाचून रडू येत नाही, ते इथे येत असे.

मग वगनाट्ये आली. 'अकलेची गोष्ट', 'देशभक्त घोटाळे', 'शेटजींचे इलेक्शन', 'माझी मुंबई', 'लोकमंत्र्यांचा दौरा'. नावे ऐकूनच आत काय असेल ते कळते. सावकार, काळाबाजारवाला, मते मागायला आलेला शेटजी हे सारे त्यात हशा पिकवत येत आणि जाताना प्रेक्षकांच्या मनात प्रश्न ठेवून जात.

इथे एक गोष्ट गणरायासमोर सांगायला हवी. तमाशाचा क्रम आपल्याला माहीत आहे. आधी गण, म्हणजे गणपतीचे नमन, मग गौळण, मग बतावणी, लावणी आणि शेवटी वग. अण्णाभाऊंनी यातली गौळण काढली. गण मात्र काढला नाही, बदलला. गणपतीच्या जागी मायभूमीला, शिवरायांना आणि कष्ट करून मेलेल्या माणसांना वंदन करून ते खेळ सुरू करत. काही भाविक मंडळींना हे रुचणार नाही, हे मी जाणतो. मीही रोज सकाळी अथर्वशीर्ष म्हणणाऱ्यांपैकी आहे. पण मला त्यात दिसते ते असे की नमनाची जागा त्यांनी रिकामी ठेवली नाही. कुणाला तरी हात जोडल्याशिवाय मराठी खेळ सुरू होऊ शकत नाही, हे त्यांनाही मान्य होते. हात कुणापुढे जोडायचे एवढाच फरक. आणि ज्याने रस्ते बांधले, गिरण्या चालवल्या, त्याला नमस्कार केला म्हणून गणराय रागावतील, असे मला तरी वाटत नाही. विघ्ने दूर करण्याचे काम शेवटी तोही करतोच.

स्वातंत्र्य आले, पण कलापथकाचे दिवस सोपे झाले नाहीत. तेव्हाच्या मुंबई सरकारने त्यांच्या कार्यक्रमांवर बंदी घातली. तमाशावरच गदा आली. त्या काळात 'लोकनाट्य' हा शब्द पुढे आला आणि तमाशाच्या त्याच मातीतून नव्या नावाचे रोप वर आले. आज शासनाच्या स्पर्धांत, शाळेच्या पुस्तकांत 'लोकनाट्य' हा शब्द किती सहज येतो. तो ज्यांच्या खेळांमुळे रूढ झाला ते मात्र पोलिसांना चुकवत एका गावाहून दुसऱ्या गावी जात होते.

अण्णाभाऊंच्या 'मुंबईची लावणी'बद्दल दोन शब्द सांगतो. त्यांच्या आधी पठ्ठे बापूरावांनी मुंबईवर लावणी केली होती. तिच्यात मुंबईचा थाटमाट आहे. गावाकडून आलेल्या रसिकाचे डोळे दिपलेले आहेत. अण्णाभाऊंच्या लावणीत त्याच शहराचे दोन भाग पडतात. एकीकडे बंगले आणि दुसरीकडे खुराड्यासारख्या खोल्या. शहर तेच, लावणीचा प्रकार तोच, पण पाहणारा कुठे उभा आहे त्यावर गाणे बदलते. रात्रपाळी करून फलाटावर झोपलेला माणूस ज्याने पाहिला आहे त्याला दुसरी लावणी अधिक पटते.

आता येऊ या कलापथकाच्या सर्वांत मोठ्या पर्वाकडे, संयुक्त महाराष्ट्राकडे. १९५५ च्या ऑक्टोबरमध्ये राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल बाहेर आला आणि मुंबईसह मराठी भाषकांचे राज्य मिळणार नाही हे दिसले. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनजवळ गोळीबार झाला, जानेवारी १९५६ मध्ये पुन्हा झाले. एकूण शंभरावर माणसे गेली. ६ फेब्रुवारी १९५६ ला पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. आचार्य अत्रे, कॉम्रेड डांगे, एसेम जोशी, प्रबोधनकार, सेनापती बापट असे मोठमोठे वक्ते होते. पण वक्ता बोलायला उभा राहण्यापूर्वी मैदान भरायचे आणि भरलेले मैदान एका सुरात आणायचे, हे काम शाहिरांचे होते. अमर शेख डफ उंच धरून उभे राहत आणि हजारो माणसे झीलकरी होऊन जात. 'जी जी रं जी' म्हणायला दोन माणसे पाठीमागे उभी लागतात. इथे अख्खे शिवाजी पार्क उभे असे.

याच काळात अण्णाभाऊंनी 'माझी मैना' हे गाणे लिहिले. ते छक्कड या प्रकारातले. त्याची मांडणी मी थोडक्यात सांगतो, कारण आजच्या तरुणांनी ते शाहीर विठ्ठल उमपांच्या आवाजात कुठे तरी ऐकले असेल, पण अर्थाकडे लक्ष दिले नसेल. एक माणूस पोटासाठी मुंबईला आला आहे. त्याची बायको, त्याची मैना, गावी राहिली. निघताना ती कशी दिसत होती, काय बोलली, हे तो आठवतो. मग मुंबईत त्याला काय भेटले ते सांगतो. दागिने करून देईन म्हणून निघालेला तो स्वतःच फाटक्या कपड्यांत फिरतो. इथपर्यंत ते साधे विरहाचे गाणे आहे. आणि शेवटाकडे शाहीर एकदम वळण घेतो. ही जी माझी आणि मैनेची ताटातूट, तशीच महाराष्ट्राची झाली आहे. बेळगाव, कारवार, निपाणी आपल्या माणसांपासून तुटली आहेत. मैना म्हणजे ती तुटलेली भूमी.

राज्य पुनर्रचना हा केवढा रुक्ष विषय. आयोग, कलमे, नकाशे, टक्केवारी. तो ज्याला कळत नव्हता त्याला बायकोची आठवण कळत होती. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झाले. त्यात बेळगाव-कारवार आले नाहीत, म्हणजे मैना काही अंशी अजूनही गावावरच आहे. पण जे मिळाले ते मिळवण्यात त्या गाण्याचा वाटा आहे.

आता मी इथल्या माझ्या सहकाऱ्यांकडे वळतो. हे गाणे मी एकदा मध्यल्या सुट्टीत मोबाइलवर लावले होते. शेजारी आमच्या शॉपमधले बलियाचे एक बुजुर्ग मेकॅनिक बसले होते. त्यांना मराठीचा एक शब्द येत नाही. मी फक्त एवढे सांगितले की माणूस मुंबईत आहे आणि घरवाली गावी. ते लगेच म्हणाले, "ई त बिदेसिया ह." आणि त्यांनी भिखारी ठाकुरांचे नाव घेतले.

भिखारी ठाकूर हे छपरा भागातले. जन्म १८ डिसेंबर १८८७, मृत्यू १० जुलै १९७१. न्हाव्याच्या घरातले, शाळा नावापुरती. नाच मंडळी काढली आणि भोजपुरी मुलखाला वेड लावले. त्यांचे 'बिदेसिया' नाटक म्हणजे कलकत्त्याला कमवायला गेलेला नवरा आणि वाट पाहणारी त्याची बायको. जात पाहा, शिक्षण पाहा, विषय पाहा. वाटेगाव आणि कुतुबपूर ही दोन गावे एकमेकांपासून हजार-दीड हजार किलोमीटरवर असतील, पण दुःखाचा रूळ एकच आहे. अधूनमधून मुंबईत मराठी विरुद्ध उत्तर भारतीय असा वाद पेटतो, त्याच्या बातम्या इथे येतात आणि आपल्याला कारखान्यात, बाजारात दोन शब्द ऐकून घ्यावे लागतात. तेव्हा मला हे दोघे आठवतात. अण्णाभाऊंच्या मुंबईत गिरणीच्या फाटकातून कोकणी, घाटावरचा, बलियाचा आणि जौनपूरचा माणूस एकाच भोंग्याला आत जात होता. प्रत्येकाची मैना कुठल्या तरी गावावर होती. आपलीही आहे. कुणाची साताऱ्याला, कुणाची जळगावला, कुणाची रत्नागिरीला. आणि जे चार-पाच पिढ्या काशीतच आहेत त्यांची मैना म्हणजे त्यांची भाषा.

आता त्रिकुटाविषयी, माझ्या कामाच्या भाषेत बोलतो. आमच्या कारखान्यातून पूर्वी डिझेलची इंजिने निघत, आता विजेची निघतात. या इंजिनांची मोटर थ्री-फेज असते. सिंगल फेज आणि थ्री-फेज यातला फरक घरातल्या पंख्यावरून कळतो. पंख्याचा कंडेन्सर गेला की वीज येत असते, मोटर गुणगुणते, पण पाते फिरत नाही. काठीने ढकलावे लागते. कारण एकट्या फेजमध्ये जोर असतो पण दिशा नसते. तीन फेज असल्या की ढकलावे लागत नाही. गंमत अशी की त्या तिघी एकाच वेळी शिखरावर पोहोचत नाहीत. एक वर जाते तेव्हा दुसरी उतरत असते, तिसरी चढायच्या बेतात असते. या मागे-पुढे असण्यामुळेच फिरते चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि हजारो टनांची मालगाडी हलते. तिन्ही फेज एकाच वेळी वर जाऊ लागल्या तर मोटर नुसती गुणगुणत राहील.

कलापथकाचे असेच होते. अण्णाभाऊंचे शब्द, अमर शेखांचा गळा, गव्हाणकरांची गीते आणि साथ. शब्द एकटे असते तर वहीत राहिले असते. गळा एकटा असता तर जुनी गाणी गात राहिला असता. आणि तिसरा नसता तर दोन मोठी माणसे एका रंगमंचावर फार दिवस टिकली असती का, याची मला शंका आहे. कुठल्याही मंडळात काम केलेला माणूस हे जाणतो. म्हणून मी मघाशी म्हटले की तिसऱ्या नावाचे मला महत्त्व वाटते. त्याच्यावर तिकीट निघत नाही, पुतळा उभा राहत नाही, पण ती फेज काढली की यंत्र थरथरते आणि थोड्या वेळात जळते.

पुढे वाटा वेगळ्या झाल्या. अण्णाभाऊ कथा-कादंबरीकडे अधिकाधिक वळले. १९५८ साली मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन झाले, त्याच्या उद्घाटनाला ते उभे राहिले आणि ही पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नव्हे, तर कष्टकऱ्यांच्या तळहातावर तरली आहे, असा विचार त्यांनी मांडला. १९५९ साली 'फकिरा' आली आणि तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. १९६१ मध्ये ते रशियाला जाऊन आले. ज्या देशावर अठरा वर्षांपूर्वी पोवाडा केला होता तो प्रत्यक्ष पाहिला आणि त्यावर प्रवासवर्णन लिहिले. अमर शेख आपल्या पथकासह गात राहिले.

शेवट फार चटका लावणारा आहे. १८ जुलै १९६९ ला अण्णाभाऊ गेले. एकोणपन्नासावा वाढदिवस तेरा-चौदा दिवसांवर होता. आयुष्याची बरीच वर्षे घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडीत काढलेली. अखेरचे दिवस हलाखीचे. त्यानंतर बरोबर बेचाळीस दिवसांनी, २९ ऑगस्ट १९६९ ला, अमर शेख मोटार अपघातात गेले. वय बावन्न. मी आज चाळिशीच्या उत्तरार्धात आहे. कामाचे खरे दिवस आता सुरू झाले असे मला वाटते आणि या वयात त्यांचे सारे काम करून झाले होते.

मान मागाहून आला. १ ऑगस्ट २००२ ला अण्णाभाऊंवर टपाल तिकीट निघाले, चार रुपयांचे. सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोत त्यांचा अर्धपुतळा बसला. आनंदाची गोष्ट आहे. पण शाहिराचे खरे स्मारक एकच असते. कुणीतरी उभे राहून गायले पाहिजे.

आणि इथे मी आपल्या मंडळाच्या घरातल्या गोष्टीवर येतो. ज्येष्ठ मंडळी सांगतात की या वस्तीत पूर्वी मेळे होत. पोरे महिनाभर तालीम करत. पद इथेच कुणीतरी रचलेले असे, चाल इथेच बसवलेली असे. आज सांस्कृतिक कार्यक्रमाच्या रात्री आपण काय करतो? भाड्याचे साउंड बॉक्स आणतो, तयार गाणी लावतो आणि मुले त्यावर नाचतात. नाच छान होतात, मी टाळ्या वाजवतो. परंतु त्या पूर्ण रात्रीत आपल्या मुलांच्या तोंडून मराठीचा किती शब्द बाहेर पडतो, हे एकदा मोजून पाहावे. ओठ हलतात, आवाज दुसऱ्याचा असतो. १ मे ला शाहीर साबळ्यांच्या आवाजातले महाराष्ट्र गीत लावतो. २०२३ साली ते राज्यगीत झाले. लावतो, पण गात नाही. ज्या भाषेत पोर गात नाही, ती भाषा त्याच्या घरात आणखी किती दिवस राहील? या वर्षी समितीपुढे अंदाजपत्रक आहे, त्यात साउंडचा खर्च वाढवण्याची सूचना आहे. माझी विनंती आहे की तो वाढवू नये. तेवढ्या पैशांत एक चांगली ढोलकी, एक डफ, तुणतुणे आणि झांजा येतील आणि त्या पुढची पंधरा वर्षे टिकतील.

फार मोठे काही नको. तीन मुले हवीत. एकाला चार ओळी जुळवता येतात, असा कुणीतरी असतोच. एकाचा आवाज मोठा असतो. त्याला शाळेत गप्प बस म्हणतात. आणि एक असा हवा जो वेळेवर येतो, बाकीच्या दोघांना घरून घेऊन येतो, डफ ओला झाला तर शेकून ताणतो आणि नाव खाली आले तरी रुसत नाही. पहिले दोन सापडतील. तिसऱ्याला नीट शोधा आणि सापडला की त्याचे नाव पत्रिकेत बरोबरीच्या अक्षरांत छापा.

विषयही समोर आहे. गंगेचे पाणी आज चढलेले आहे, त्यामुळे घाटाच्या पायऱ्या आपल्याला दिसत नाहीत, पण ज्यांनी त्या बांधल्या त्यांच्यावर काशीतल्या मराठी पोरांनी रचलेला एक तरी पोवाडा असायला हवा. त्यात एक कडवे भोजपुरीत घाला. ढोलक वाजवायला आमच्या शॉपमधून माणसे येतील, ते माझ्याकडे लागले. बिरहा गाणारे दोन जण तर आज समोरच बसले आहेत आणि मला मघापासून हसत आहेत. पुढच्या वर्षी अनंत चतुर्दशीच्या आदल्या रात्री हा पोवाडा इथे झाला, तर आजचे माझे बोलणे कारणी लागले असे समजेन.

 प्रसाद तयार असल्याची खूण आतून झाली आहे, तेव्हा थांबतो.

गणपती बाप्पा मोरया!